गोळ्या, आययुआय, आयव्हीएफ... ही शिडी लावली कोणी?

मूल राहत नाही म्हणून दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या की महिन्याभरात काही शब्द तोंडपाठ होतात, गोळ्या, आययुआय (स्पर्म म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), आयव्हीएफ (बाईचं बीज आणि स्पर्म यांची भेट शरीराबाहेर घडवणं), इक्सी (एकच स्पर्म सुईने बीजात टोचणं). आणि नकळत डोक्यात एक शिडी उभी राहते, खालची पायरी सौम्य, वरची कडक, एक फेल गेली की पुढची चढायची. माझ्याही डोक्यात होती. मग हे सगळं आलं कुठून ते वाचत बसले तेव्हा कळलं की अशी शिडी कुणी ठरवून बनवलीच नव्हती, एकेक इलाज एकेका वेगळ्या बिघाडावर निघालेला आहे आणि रांगेत नंतर लावलाय.

सगळ्यात जुनं म्हणजे वीर्य सिरिंजने आत सोडणं. 18व्या शतकाच्या शेवटी लंडनचा सर्जन जॉन हंटर याच्याकडे एक जोडपं आलं, नवऱ्याच्या लघवीच्या छिद्राची जागा जन्मापासून चुकीची, त्यामुळे वीर्य आत पोचतच नव्हतं. हंटरने कोमट केलेली सिरिंज वापरायला सांगितली, दिवस राहिले. म्हणजे अडचण फक्त पोचण्याची होती. पुढे 1884 मध्ये फिलाडेल्फियात पॅनकोस्ट नावाच्या डॉक्टरने बायकोच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यावर नवऱ्याचं वीर्य बघितलं तर त्यात स्पर्मच नाहीत, तेव्हा त्याने बाईला क्लोरोफॉर्म देऊन एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरलं आणि तिला सांगितलंच नाही! 1909 मध्ये हे बाहेर आलं. त्यात परत बीज महिन्याच्या कुठल्या दिवशी फुटतं हे तेव्हा नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, ते 1920 च्या दशकात जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. तोवर सगळा अंदाजपंचे कारभार.

गोळ्यांचं वेगळंच. क्लोमिफिन ही गोळी ज्यांचं बीज तयारच होत नाही किंवा फुटत नाही त्यांच्यासाठी, 1961 मध्ये तिचे रिझल्ट छापून आले आणि 1967 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. शरीरात इस्ट्रोजेन कमी आहे असं ती मेंदूला भासवते, मग मेंदू ओव्हरीला, म्हणजे अंडाशयाला, जोरात कामाला लावतो. पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर फुटत नाही त्या त्रासात, आता लेट्रोझोल ही दुसरी गोळी जास्त चालते, 2014 च्या मोठ्या अभ्यासात क्लोमिफिनपेक्षा तिने मुलं जास्त झाली. इंजेक्शनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत ओव्हरीला चालना देणारी हार्मोन भरपूर असतात, पण ती गोळा कुठून करायची? इटलीतल्या मठांमध्ये राहणाऱ्या वयस्कर नन्सची लघवी गोळा केली, त्यातून औषध काढलं आणि त्यावर पहिलं बाळ 1962 मध्ये इस्रायलमध्ये झालं.

आयव्हीएफ मुळात बंद ट्यूबसाठी (ओव्हरीतून बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या) आलं. इंग्लंडच्या लेस्ली ब्राउनच्या दोन्ही ट्यूब ब्लॉक होत्या, बीज आणि स्पर्म भेटायला रस्ताच नाही, म्हणून ती भेट बाहेर काचेच्या भांड्यात घडवली. एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी या ब्रिटिश त्रिकुटाने आधी इंजेक्शनं देऊन बरंच करून बघितलं, यश येईना, शेवटी इंजेक्शन सोडून त्या महिन्यात आपसूक तयार झालेलं एकच बीज काढलं आणि 25 जुलै 1978 ला तिची लुईस झाली, जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ. एकच बीज! आज दहा-बारा आली नाहीत तर आपण रडवेल्या होतो. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून दुर्गा नावाची आयव्हीएफ मुलगी झाली, त्यांनी इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली, भ्रूण गोठवला आणि नंतरच्या सायकलमध्ये सोडला. आजची पद्धत खरं तर याच वळणाची आहे. पण सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

आता शिडीचा घोटाळा बघा. आययुआय आपण खालची पायरी समजतो, पण स्पर्म धुऊन, वेगळे करून गर्भाशयात सोडायची आजची पद्धत रुळली ती आयव्हीएफच्या लॅबमधलं तंत्र हाताशी आल्यावर. न धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडलं तर जोरात कळा यायच्या. म्हणजे या अर्थी वरची पायरी आधी आणि खालची नंतर.

इक्सी 1992 ची, ब्रसेल्समध्ये पालेर्मो यांची. केसाहून बारीक सुईने एक स्पर्म थेट बीजात टोचायचा. करत होते दुसरंच, स्पर्म बीजाच्या कवचाखाली सोडायला गेले आणि चुकून तो आतच गेला, त्यातून हे निघालं. हा इलाज पुरुषाचा काउंट, म्हणजे स्पर्मची संख्या, फार कमी असेल त्यासाठी, पण आता सगळं नॉर्मल असतानाही सर्रास करतात. 2021 मध्ये व्हिएतनाममध्ये नॉर्मल काउंटवाल्या हजाराहून जास्त जोडप्यांवर अभ्यास झाला, साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीने मुलं काही जास्त झाली नाहीत.

खरी पंचाईत रिपोर्ट सगळे चांगले असतात त्यांची. तिथे बोट ठेवायला बिघाडच सापडत नाही म्हणून शिडी, आणि तिच्यावरही एकमत नाही. 2013 मध्ये उपचार कसे करावेत ते सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने सांगितलं की अशांना सरसकट आययुआय देऊ नका, दोन वर्षं प्रयत्न करून थेट आयव्हीएफकडे जा. 2018 मध्ये न्यूझीलंडमधल्या अभ्यासात क्लोमिफिनसोबत तीन आययुआय केलेल्यांपैकी 31 टक्के बायकांना मूल झालं, नुसतं थांबलेल्यांत 9 टक्के. दोघांचं ऐकायचं तर वय बघावं लागतं, पस्तिशीनंतर एकेका पायरीवर सहा-सहा महिने घालवणं परवडत नाही. आययुआयसोबत भारी इंजेक्शनं देणं मात्र मला पटत नाही, जुळी-तिळी राहण्याचा धोका त्यातच फार.

आमच्या फाइलमध्ये सगळ्यात जाडजूड भाग माझ्या रिपोर्टचा आहे. गोळ्या चार महिने मी घेतल्या, ट्यूबची तपासणी माझी झाली, सोनोग्राफ्या माझ्याच. नवऱ्याची वीर्यतपासणी, जी सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची, ती पाचव्या महिन्यात, आणि काउंट तिथे कमी निघाला. पॅनकोस्टनेसुद्धा आधी बायकोलाच तपासलं होतं.