‘अगो’: एके काळचं क्रियापद

‘तीन दिवसांपूर्वी’ला इंग्रजीत ‘थ्री डेज अगो’ म्हणतात. शाळेत हे क्रियाविशेषण शिकवताना नियमही पाठ करून घेतात: ते काळाच्या मापानंतर येतं, त्याच्यासोबत साधा भूतकाळ वापरायचा, ‘हॅव’ लावायचं नाही. नियम असे का, हे सहसा कुणी सांगत नाही. खरं तर या शब्दाचा इतिहास आधी सांगितला, तर पाठांतराचा निम्मा भार हलका होईल.

जुन्या इंग्रजीत ‘आगान’ असं क्रियापद होतं. ‘गान’ म्हणजे जाणे, आणि ‘आ’ हा ‘निघून, दूर’ असा अर्थ देणारा उपसर्ग. म्हणजे निघून जाणे, सरणे. पुढे त्याचं ‘अगॉन’, म्हणजे ‘सरलेला’, हे धातुसाधित रूढ झालं. ‘इट इज टेन यीअर्स अगॉन’ या धाटणीचं वाक्य तेव्हा बोलत: दहा वर्षं सरली आहेत. ‘त्याला जाऊन दहा वर्षं झाली’ असं आपण म्हणतो, तसंच. कालांतराने ‘इट इज’ गळालं, शेवटचा ‘न’ही झिजला आणि ‘टेन यीअर्स अगो’ एवढंच उरलं. वर्षं आधी, सरणं नंतर. म्हणून हा शब्द आजही मापाच्या मागेच उभा असतो.

‘न’ एका दिवसात गेला नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ या कथाकाव्यात ‘बाथची बाई’ या पात्राच्या तोंडी घातलेल्या ‘कित्येक शे वर्षांपूर्वी’ या शब्दांत ‘अगो’च आहे. तरी किंग जेम्स बायबल या 1611च्या इंग्रजी भाषांतरात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, रानात टाकून दिलेला आजारी मिसरी दास ‘थ्री डेज अगॉन’ म्हणतो. त्याच बायबलात एज्राच्या पुस्तकात मात्र ‘मेनी यीअर्स अगो’ छापलेलं आहे.

मूळ वाक्यातलं ‘इज’ वर्तमानकाळी होतं, हे महत्त्वाचं. त्यामुळे ‘अगो’ची मोजणी बोलणाऱ्याच्या ‘आत्ता’पासून मागे होते. 19 नोव्हेंबर 1863 रोजी गेटिसबर्गला अब्राहम लिंकन ‘फोर स्कोर अँड सेव्हन यीअर्स अगो’ म्हणाले. चार विसा आणि सात, म्हणजे 87. भाषणाच्या वर्षातून तेवढी वर्षं वजा केली की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं 1776 हे साल मिळतं.

आपली अडचण होते ती इथेच. मराठीतलं ‘पूर्वी’ कोणत्याही क्षणापासून मागे मोजतं. इंग्रजीत त्याची वाटणी झाली आहे. ‘मी त्याला दोन वर्षांपूर्वी भेटलो’ इथे ‘अगो’. ‘तो 2010 साली वारला, त्याच्या दोन वर्षांपूर्वी मी भेटलो होतो’ इथे मोजणी त्याच्या मृत्यूपासून, म्हणून ‘बिफोर’. ‘हॅव’चंही तसंच. मराठीत ‘मी त्याला दोन दिवसांपूर्वी भेटलो आहे’ चालून जातं. इंग्रजीत ‘अगो’ आलं की ती वेळ सरलेली ठरते, आणि ‘हॅव मेट’ऐवजी नुसतं ‘मेट’ लागतं.