एमसीबी आणि नागपूरचा उन्हाळा

एमसीबी (मिनिएचर सर्किट ब्रेकर) हा घराच्या डीबीत, म्हणजे वीज वेगवेगळ्या सर्किटांत वाटणाऱ्या पेटीत, बसवलेला स्वयंचलित खटका. वायरला झेपणार नाही इतका करंट वाहू लागला की तो त्या सर्किटचा पुरवठा तोडतो. पूर्वी हेच काम चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमधली तार वितळून करायची. ती जळाली की घाईघाईत तांब्याची जाड तार गुंडाळली जाई आणि संरक्षण तिथेच संपे.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. ओव्हरलोडसाठी दोन धातूंची जोडपट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि खटका सोडवते. भारतात लागू असलेल्या आयएस/आयईसी ६०८९८ मानकाप्रमाणे १६ अँपिअरची एमसीबी १८ अँपिअरला तासभर टिकायला हवी, पण २३.२ अँपिअरला तासाभरात पडायलाच हवी. शॉर्ट सर्किटमध्ये इतका वेळ नसतो. तिथे कॉइलचे चुंबकत्व दांडी खेचते आणि संपर्क काही मिलिसेकंदांत उघडतात. उघडताना पेटलेली ठिणगी धातूच्या पातळ पट्ट्यांच्या चळतीत शिरून तुकड्यातुकड्यांत विझते. खटका बोटाने वर दाबून धरला तरी दोष असेपर्यंत आतले संपर्क जोडलेले राहत नाहीत.

हे चुंबकीय तोडणे ‘बी’ प्रकारात रेटिंगच्या, म्हणजे एमसीबीवर लिहिलेल्या अँपिअरच्या, ३ ते ५ पट, ‘सी’मध्ये ५ ते १० पट आणि ‘डी’मध्ये १० ते २० पट करंटला होते. मोटार सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढते, म्हणून एसी आणि पंपाला सहसा ‘सी’ लावतात.

नागपुरात खरा प्रश्न जोडपट्टीचा आहे. तिचे माप ३० अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेले असते. इथे मे महिन्यात, विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५च्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या भिंतीवरची डीबी आतून त्याहूनही तापते. पट्टी आधीच थोडी वाकलेली असल्यामुळे एमसीबी लिहिलेल्या आकड्याच्या आतच पडू लागते. दुपारी एसी, कूलर आणि फ्रिज एकाच वेळी चालू असताना वारंवार लाइट जाते, ती अनेकदा यामुळेच. अशा वेळी वायरमनला सांगून १६ची काढून ३२ची बसवणे हा सर्वांत धोक्याचा उपाय. उष्णतेने वायरचीही करंट वाहण्याची क्षमता घटलेली असते, म्हणजे एमसीबी योग्य वेळीच पडत असते. मोठी एमसीबी बसली की ती पडत नाही आणि तापते ती भिंतीतली वायर. त्याऐवजी एसीला वेगळे सर्किट आणि पुरेशी जाड वायर द्यावी, डीबी उन्हातून हलवावी आणि टर्मिनलचे स्क्रू तपासून घ्यावेत. सैल स्क्रूपाशी निर्माण होणारी उष्णताही जोडपट्टीपर्यंत पोचते.

एमसीबी वायर वाचवते. शॉक लागलेल्या माणसाला ती वाचवेलच असे नाही. शरीरातून जाणारा पन्नास-शंभर मिलिअँपिअरचा करंटही जीव घेऊ शकतो आणि एमसीबीला तो जाणवतही नाही. कूलरमधल्या पंपाची वायर सोलवटली आणि अर्थिंग नसले, तर त्याच्या लोखंडी बॉडीत करंट उतरूनही एमसीबी वरच राहते. त्यासाठी गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी बसवावी लागते. ती बसवलेली असली तरी कूलरमध्ये पाणी भरण्याआधी स्विच बंद करून प्लग काढावा.