एअर फिल्टर काढून गाडी जास्त पळत नाही

"फिल्टर काढा, नाहीतर उघडा कोन फिल्टर लावा, पिकअप वाढतो," हे विदर्भात गावोगावच्या गॅरेजात अजून ऐकू येतं. वाढतो तो आवाज. डब्याशिवायचा, शंकूसारखा हा उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बॉनेटखाली ६५ असेल, तर तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के हवा कमी मावते. ताकद उलट घटते. फिल्टरच नसेल तर काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरात. पिस्टनच्या रिंगा घासतात, गाडी ऑइल पिते.

कापसाच्या हंगामात एअर बॉक्सचं, म्हणजे फिल्टरच्या डब्याचं, तोंड बघा, तंतू अडकतात. कागदी फिल्टर धुऊ नका. हवा आतून बाहेर, कमी दाबाने मारा. मग फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली तर क्लॅम्प ढिला, नाहीतर रबर फाटलेलं.