खोक्यावरचं एचडीआर आणि स्क्रीनवरचं एचडीआर

मॉनिटरच्या खोक्यावर 'एचडीआर' (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच चित्रात गडद सावल्या आणि तेजस्वी उजेड दोन्ही दाखवण्याची पद्धत) छापलेलं असलं, की त्यातून एवढंच कळतं की हा मॉनिटर एचडीआर सिग्नल घेतो. त्या सिग्नलमध्ये जे आहे ते दाखवायची कुवत त्याच्यात आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. गेमिंग आणि रोजचं काम या दोन्हींसाठी एकच मॉनिटर घेणाऱ्यांचे पैसे बहुधा याच फरकात अडकतात.

उजेड निटमध्ये मोजतात: एका चौरस मीटरमागे एक कँडेला म्हणजे एक निट. साधा व्हिडिओ तयार करताना पांढरा रंग १०० निटच्या आसपास धरला जातो. एचडीआरसाठी २०१४ मध्ये 'पीक्यू' नावाचा वक्र प्रमाणित झाला. तो १०,००० निटपर्यंत जातो आणि त्यात सिग्नलच्या प्रत्येक आकड्याला ठरावीक निट नेमून दिलेले आहेत. दहा बिटांत उजेडाच्या १,०२४ पायऱ्या मिळतात, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या १०० निटच्या खालीच वापरल्या जातात, कारण अंधारातला बारीक फरक डोळा पटकन टिपतो. तेव्हा एचडीआर म्हणजे नुसता भगभगीत उजेड नव्हे. त्याची अर्धी कमाई सावल्यांमध्ये आहे.

नेमकं तिथेच साधा आयपीएस पॅनल (मागून दिव्यांनी उजळणाऱ्या एलसीडीचा एक प्रकार) कमी पडतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातलं उजेडाचं प्रमाण, साधारण १,०००:१ असतो. पांढरा ४०० निटवर नेला, तर त्याच दृश्यातला काळा ०.४ निटवर अडतो. दिवसा हे जाणवत नाही. रात्री दिवे मालवून गेम लावला, की गुहेतला काळोख राखाडी दिसतो. व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये 'डिस्प्लेएचडीआर' प्रमाणपत्रं सुरू केली. त्यातली सगळ्यात खालची पायरी ४००, म्हणजे कमाल उजेड ४०० निट. तिच्यासाठी मागचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करण्याची सक्ती नाही. २०२४ मध्ये अटी कडक झाल्या, हे चांगलंच झालं. तरी नुसता ४०० चा शिक्का पाहून एचडीआरसाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. 'ट्रू ब्लॅक ४००' हे मात्र वेगळं प्रमाणपत्र. त्यात काळा ०.०००५ निटच्या वर जाऊन चालत नाही, आणि तिथवर पोचतात ते ओलेड पॅनल (त्यांच्याविषयी पुढे).

एलसीडीतला काळा सुधारायचा, तर मागच्या दिव्यांचे वेगवेगळे झोन करावे लागतात. असुसचा पीजी२७यूक्यू हा मॉनिटर २०१८ मध्ये आला तो ३८४ झोन आणि १,००० निट घेऊन. थंड ठेवायला त्याच्या पोटात पंखा होता. आजच्या अनेक मिनी एलईडी (मागे बारीक एलईडी दिवे असलेल्या) मॉनिटरमध्ये १,१५२ झोन असतात. आकडा मोठा वाटतो, पण फोरके स्क्रीनवर ८२,९४,४०० पिक्सेल आहेत. भागाकार केला, तर एका झोनच्या वाट्याला ७,२०० पिक्सेल येतात. काळ्या बॅकग्राउंडवर माउसचा पांढरा बाण ठेवा: बाण जेमतेम काहीशे पिक्सेलचा, पण त्याच्यासाठी अख्खा झोन पेटतो आणि बाणाभोवती धुरकट वलय दिसतं. बाण हलवला की वलयही मागोमाग सरकतं. गेममधल्या धावपळीत याकडे लक्ष जात नाही. डार्क मोडमध्ये मजकूर वाचताना मात्र ते डोळ्यांत खुपतं. म्हणून अशा मॉनिटरवर डेस्कटॉपच्या कामासाठी लोकल डिमिंग (उजेड झोनझोनने कमी-जास्त करण्याची सोय) बंद ठेवणं उत्तम.

ओलेडमध्ये हा प्रश्नच नाही, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. रात्रीचं शहर, पावसात चमकणारे दिवे, अंगार उडवणारी भट्टी... हे सगळं ओलेडवर पाहिल्यावर साध्या पॅनलवर परत जाणं जड जातं. अडचण दुसरीकडे आहे. असे अनेक मॉनिटर १,००० निट देतात ते स्क्रीनच्या इवल्याशा, सुमारे तीन टक्के भागात. स्क्रीनभर पांढरी एक्सेल शीट उघडली, की उजेड २५० निटच्या घरात येतो. खिडकीतून दुपारचं ऊन आत येणाऱ्या खोलीत हे कमी पडू शकतं. त्यात क्यूडी-ओलेड (ओलेडचाच एक प्रकार) असेल, तर खोलीतल्या उजेडात त्याचा काळा किंचित जांभळट दिसतो. शिवाय टास्कबारसारखी तासन् तास न हलणारी गोष्ट पॅनलवर कायमचा डाग सोडू शकते. काही कंपन्या तीन वर्षांच्या वॉरंटीत हे 'बर्न-इन' धरतात. मॉनिटर घेण्याआधी ती ओळ नीट वाचावी.

रिझोल्यूशनचा खरा फायदा मला गेमपेक्षा मजकुरात दिसतो, त्यातही मराठी मजकुरात. २४ इंची फुल एचडी स्क्रीनवर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात. बारीक फाँटमध्ये तिथे 'द्ध' आणि 'द्भ' एकमेकांत मिसळतात, 'ष्ट्र' म्हणजे नुसता गोळा होतो, अनुस्वार आणि रफार यांची गर्दी होते. इंग्रजी अक्षर तेवढ्या पिक्सेलमध्ये निभावून नेतं, आपलं जोडाक्षर नाही. २७ इंची फोरकेवर हीच घनता १६३ पर्यंत जाते. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील दिसतो. ६० सेंटिमीटरवरून पाहताना तो इंचाला १४५ पिक्सेलच्या आसपास येतो. म्हणजे २७ इंची फोरके त्या मर्यादेच्या पुढे, आणि ३२ इंची फोरके, १३८ वर, जरासं अलीकडे. दोन्ही वाचायला सुखद. ओलेडमध्ये लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीसारखी नसल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत छटा येऊ शकते. घनता जास्त असली की तीही कमी जाणवते.

त्यामुळे दिवसभर कोड, शीट किंवा लिखाण आणि गेम फक्त शनिवार-रविवारी, असं असेल तर मी २७ इंची फोरके मिनी एलईडी सुचवेन. संध्याकाळनंतर, मंद उजेडात, प्रामुख्याने खेळण्यासाठीच हवा असेल तर ओलेड. आणि या दोन्हींचं बजेट नसेल तर एचडीआरचा नाद सोडून चांगला फोरके आयपीएस घ्यावा. अक्षरं तरी रोज सुबक दिसतील.

ग्राफिक्स कार्डाचाही विचार हवा. फोरकेत फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, म्हणून जड गेममध्ये डीएलएसएससारख्या अपस्केलिंगची, म्हणजे कमी पिक्सेलमध्ये रंगवलेलं चित्र मोठं करण्याच्या तंत्राची, मदत घ्यावी लागते.

केबलचं गणित तर बरेच जण करतच नाहीत. फोरके, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं), दहा बिट रंग: नुसत्या पिक्सेलचीच माहिती सेकंदाला ३५.८ गिगाबिट होते. डिस्प्लेपोर्ट १.४ या जोडणीतून प्रत्यक्षात २५.९ जाते. पीजी२७यूक्यूवर म्हणूनच दहा बिटांत ९८ हर्ट्झच्या वर गेलं, की रंगांची माहिती कापावी लागे. आता डीएससी ही कॉम्प्रेशनची सोय आहे आणि तिच्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. मॉनिटर आणि कार्ड दोन्हींमध्ये ती आहे ना, एवढं पाहावं. एचडीएमआय २.० चा पोर्ट असेल तर ६० हर्ट्झलाही दहा बिटांचा पूर्ण रंग मावत नाही. मग रंगांची माहिती कापली जाते, निळ्यावरची लाल अक्षरं धूसर दिसतात आणि लोक पॅनलला दोष देतात.

मॉनिटर घरी आल्यावर विंडोज ११ मध्ये आधी 'एचडीआर कॅलिब्रेशन' ॲप चालवावं, म्हणजे तुमचा पॅनल किती निटपर्यंत जातो हे गेमला कळतं. रोजच्या कामात एचडीआर चालू ठेवल्यास साध्या ॲपच्या विंडो फिक्या दिसू शकतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये एसडीआर (म्हणजे साध्या, एचडीआर नसलेल्या चित्राच्या) ब्राइटनेसची पट्टी आहे. नाहीतर विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून एचडीआर फक्त गेमपुरतं चालू करता येतं.