इंग्लंडचे लाचखाऊ मॅजिस्ट्रेट? खुलासा

‘जुन्या इंग्लंडात मॅजिस्ट्रेट सरसकट लाच खायचे’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धवट आहे.

गावोगावचे मॅजिस्ट्रेट, म्हणजे ‘जस्टिस ऑफ द पीस’, बिनपगारी जमीनदार होते. 1732 पासून तर वर्षाला 100 पौंड उत्पन्न देणारी जमीन असल्याशिवाय हे पदच मिळत नसे. ते पक्षपात करत, शिकारचोरांवर दात धरत. पण चार शिलिंगांसाठी हात पसरायची गरज बहुतेकांना नव्हती.

बदनाम झाले ते लंडनच्या मिडलसेक्स भागातले ‘ट्रेडिंग जस्टिस’, म्हणजे न्यायाचा धंदा करणारे मॅजिस्ट्रेट, आणि त्यांची मुख्य कमाई लाच नव्हती, कायदेशीर फी होती. वॉरंट काढलं की फी, जामीन दिला की फी. मग युक्ती सोपी: गरिबांना रस्त्यावरून उचलायचं, तुरुंगात मात्र पाठवायचं नाही, कारण जामिनातच पैसा. लंडनच्या बो स्ट्रीट मॅजिस्ट्रेट कचेरीचा शिपाई जॉन टाउनसेंड याने 1816 मध्ये संसदीय समितीपुढे हिशेबच मांडला: माणशी 2 शिलिंग 4 पेन्स, रस्त्यावरच्या 100 मुली पकडल्या की 11 पौंड 13 शिलिंग 4 पेन्स. पावती मागितली तरी चूक सापडायची नाही!

बो स्ट्रीटचाच मॅजिस्ट्रेट, कादंबरीकार हेन्री फील्डिंग याने लोकांची भांडणं पेटवून फी उकळणं थांबवलं, तेव्हा त्याच्याच म्हणण्याप्रमाणे वर्षाचे 500 पौंड 300 च्या आसपास आले, आणि त्यातलाही मोठा वाटा कारकुनाकडे जाई.

1792 च्या कायद्याने लंडनमध्ये मॅजिस्ट्रेटांच्या सात कचेऱ्या उघडल्या, प्रत्येकीत तीन मॅजिस्ट्रेट, प्रत्येकाला वर्षाला पगार 400 पौंड. फी सरकारी तिजोरीत जाऊ लागली.