जपानकडे सैन्यच नाही?

‘जपानने सैन्य ठेवलेच नाही, तो पैसा कारखान्यांत घातला आणि म्हणून तो देश श्रीमंत झाला’ हे विधान आपल्याकडे वर्षानुवर्षे ऐकवले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

3 मे 1947 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा आणि युद्धसामर्थ्य बाळगण्याचा त्याग केला, हे खरे. मात्र 1950 मध्ये कोरियन युद्ध पेटताच अमेरिकी अधिपत्याखालील जपानमध्ये 75,000 जणांचे राखीव पोलीस दल उभे राहिले आणि त्याच मुळातून 1954 मध्ये भूदल, नौदल व हवाई दल असलेले ‘स्वसंरक्षण दल’ आकाराला आले. नाव सौम्य असले, तरी त्याच्याकडे पाणबुड्या आणि लढाऊ विमाने आहेत.

संरक्षणखर्च दीर्घकाळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याच्या आसपास राहिला, कारण अमेरिकेशी केलेल्या सुरक्षा कराराचे छत्र होते. या बचतीचा हातभार लागला असेल. पण केवळ त्यावर भरभराट झाली असे म्हणताना शिक्षण, निर्यात, उद्योगधोरण आणि (विरोधाभास असा की) त्याच कोरियन युद्धातील अमेरिकी खरेदीची मागणी विसरली जाते.

2015 च्या कायद्यांनी मित्रराष्ट्राच्या बचावासाठी मर्यादित बळाचा वापरही शक्य केला, तर 2022 मध्ये हा खर्च 2027 पर्यंत दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरले. आता अडचण कलमापेक्षा माणसांची अधिक आहे: जन्मदर घटत असल्याने या दलाला पुरेसे तरुण मिळेनासे झाले आहेत.