माळावरचं शेततळं: अर्ज कसा करायचा आणि वरचं गवत का राखायचं

दोन-तीन एकरांत थोडा माळ असलेल्या शेतकऱ्याला शेततळं करायचं, तर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार जास्तीत जास्त ७५,००० रुपये अनुदान मिळतं. त्यासाठी नावावर किमान ०.६० हेक्टर, म्हणजे दीड एकर जमीन लागते, कोकणात ०.२० हेक्टर पुरते. आधी शासकीय योजनेतून शेततळं घेतलेलं नसावं.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, स्वतः किंवा सेवा केंद्रातून करायचा. त्याआधी शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा. ताजा सातबारा, आठ-अ आणि लागू असल्यास जातीचा दाखला हाताशी हवा. जमिनीचं खातं सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आधीच घ्या. भावकीत ते ऐन वेळी मिळत नाही. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून ही जोडणी बँकेत जाऊन नक्की करा.

निवड झाली की कागद अपलोड होतात, सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) जागा पाहतात आणि मग पूर्वसंमती येते. ती हातात पडेपर्यंत जेसीबी बोलावू नका, आधी खोदलेल्या तळ्याला अनुदान नाही. काम झाल्यावर मोजमाप होतं, त्यानंतर रक्कम जमा होते.

जागा दाखवताना मात्र घाई नको. माळावरून वाहणारं पाणी अडवायचं, तर इनलेट-आउटलेट, म्हणजे पाणी आत यायची आणि बाहेर जायची वाट असलेला प्रकार निवडा आणि तळं उताराच्या खालच्या अंगाला घ्या. वरचा माळ सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेली जमीन दिसतो म्हणून तो नांगरून टाकायचा मोह होतो. तो आवरा. गवताचं मूळ माती धरून ठेवतं. उघड्या उतारावरची माती पहिल्याच वळवात तळ्यात येते आणि काही वर्षांत तळं गाळानं भरतं. इनलेटच्या तोंडाशी गाळ बसायला छोटा खड्डाही ठेवा.

जिथं माळ उघडा पडलाय, तिथं पावसाळा सुरू होताच मारवेल गवताचे ठोंब लावा, पवन्या आणि डोंगरी या गवतांचं बी टाका. गिरिपुष्प-सुबाभूळ ही झाडं बांधावर ठीक, माळावर नको. पहिले दोन पावसाळे गुरं आत सोडू नका, आणि कापणी बी झडल्यावरच, साधारण दिवाळीनंतर करा. या कामाला कुणाची मंजुरी लागत नाही. अर्ज मार्गी लागायची वाट न बघता यंदाच्या पावसात ते सुरू करता येतं.